र अक्षराच्या गावची मुलगी

जर्मनीतल्या कोलोन शहरात बानमध्ये, म्हणजे तिथल्या ट्राममध्ये, बसल्या बसल्या मनोरमाबाई सुर्व्यांनी मांडीवरचा डबा पदरानं तिसऱ्यांदा पुसला. डबा कडीचा, जाड स्टीलचा. आत बेसनाचे लाडू, आणि झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: सौ. सुनेत्रा सुमित सुर्वे. चिंचवडच्या भांडीवाल्यानं मशीन हातात घेऊन विचारलं होतं, "काकू, धाकट्याचं ठरलं वाटतं?" तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "लग्न ठरलं नाही अजून. नाव ठरलंय. तू कोर."

तीन सु एका ओळीत. ऐकणाऱ्याच्या कानात बसलं पाहिजे की हे सुर्व्यांचं घर.

आता मुलीचं खरं नाव होतं मारिफे रोआ. मुलगी फिलिपिन्सची, इथल्या एका क्लिनिकमध्ये नर्स. सुमित गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. जर्मन शिकायच्या वर्गात दोघं एका बाकावर बसले आणि शिकता शिकता जे व्हायचं ते झालं. मनोरमाबाईंनी त्यावर फार आदळआपट केली नाही. तीस वर्षं खाणावळ चालवलेली बाई. कारखान्यातली नाना गावची, नाना धर्मांची माणसं त्यांच्या हातची आमटी ओरपून गेलेली. कोण कुठला याचा बाऊ त्यांनी कधी केला नाही. पण सून घरात आली की तिचं नवं नाव सासूनं ठेवायचं, ही गोष्ट त्यांच्या लेखी आमटीतल्या मिठाइतकी पक्की होती. थोरल्या सुनेचं, निधीचं, त्यांनी ऊर्मिला केलं होतं. त्याला दहा वर्षं झाली आणि आजही तिला ऊर्मिला म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच. खुद्द थोरला निधी म्हणतो, शेजारी निधी म्हणतात, गॅसवालासुद्धा निधीवहिनी म्हणतो. या खेपेला तसलं काही नको, म्हणून बाईंनी भांड्यांवर आधीच कोरून घेतलं. स्टीलवरचं नाव कोण पुसतंय!

"आई, आज तेवढं नावाचं काढू नकोस," सुमित शेजारून म्हणाला. सकाळपासून हे चौथ्यांदा.

"का? चोरी केलीय का मी?"

"तसं नाही गं. ती नाही म्हणाली तर?"

"म्हणू दे की. मग मला कळेल ती कशी आहे. आणि तुलाही कळेल." बाईंनी खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं, "नाव घेणार नसेल तर मी अक्षता टाकायला उभी राहणार नाही. बारा दिवसांपूर्वी विमानातून उतरले तेव्हाही हेच सांगितलं, आज त्यात बदल नाही."

सुमितला ठाऊक होतं, आई बोलली की बोलली.

खरं तर मुलगी बघायला तिच्या घरी जायचं असतं. तिच्या हातचे पोहे खायचे, घराणं विचारायचं, माजघरात एक नजर टाकून यायची. पण मारिफेचं घर म्हणजे आणखी तीन नर्सेसबरोबर घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली, आणि आईवडील समुद्रापार. तिनं सुमितकरवी निरोप पाठवला होता: घराणं विचारताय ना, मग म्युझियममध्ये या. आमच्या देशाचं प्रदर्शन लागलंय. तिथं दाखवते.

"म्युझियममध्ये घराणं?" बाई म्हणाल्या होत्या. "माणसं आहेत का भुसा भरलेले वाघ?"

म्युझियमच्या दारात मारिफे उभी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, केस घट्ट बांधलेले, बुटांना पॉलिश. पॉलिश बाईंनी पहिलं टिपलं. आशीर्वादाला त्यांनी हात उचलला, तर मुलीनं तो वरचेवर धरला, वाकली आणि हाताची पाठ आपल्या कपाळाला टेकवली.

"हे काय?"

"त्यांच्याकडे मोठ्यांना असा नमस्कार करतात," सुमितनं सांगितलं.

"बरा आहे," बाई म्हणाल्या. "पायाशी वाकायला नको, आणि सासूलाही हात हलवावा लागतो."

त्यांनी लगेच डबा पुढं केला. मारिफेनं दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले. मग कोरलेल्या टिंबांवरून बोट फिरवत सुमितला काहीतरी विचारलं. सुमितनं दोन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणाली?"

"विचारते, यावर काय लिहिलंय."

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं की... नाव आहे."

"कुणाचं ते नाही सांगितलंस?"

"आई, तिकिटं काढायचीत, चल." त्यानं सांगितलं होतं की ते डबा बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. लॉकरमध्ये डबा ठेवताना मारिफे म्हणाली, कंपनी चांगली दिसते, झाकण घट्ट बसतं. सुमितनं हे भाषांतर केलं नाही.

पहिल्या दालनात दंडाएवढ्या जाड दोराचं वेटोळं ठेवलेलं. मारिफे सांगत होती आणि सुमित मागून मराठीत ओढत होता. हा दोर आबाका नावाच्या झाडाचा. झाड दिसायला केळीसारखं, पण खायला केळं नाही, सोपटातून धागा निघतो. जगभरच्या जहाजांना हे दोर लागायचे. मारिफेचे आजोबा ही सोपटं सुरीखालून ओढायचे, दिवसभर, उभ्यानं. त्यांच्या तळव्यांना घट्टे होते. लहानपणी ताप आला की आजोबा कपाळावर हात ठेवायचे, तो हात खरबरीत लागायचा, म्हणून तिला कळायचं की आजोबाच आहेत.

बाईंनी दोराकडं पाहिलं, मग मुलीच्या हातांकडं. "तुझे कसे आहेत? दाखव." मारिफेनं हात पुढं केले. साबणानं आणि औषधानं कोरडे पडलेले, नखं कापलेली. "कष्टाचे आहेत," बाई म्हणाल्या. "हे सांग तिला." हे मात्र सुमितनं ताबडतोब सांगितलं.

पुढं एका चित्रात कुणी श्रीमंत बाई बसलेली, खांद्यावर फुगीर, आरपार दिसणाऱ्या बाह्या. ते कापड अननसाच्या पानातल्या धाग्याचं, असं मारिफेनं सांगितलं.

"अननसाचं? खायच्या?" बाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. "आणि धुतल्यावर काय, सरबत होतं?"

मारिफे एवढ्या मोठ्यानं हसली की कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या देखरेख करणाऱ्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं. मनोरमाबाईंना हसणं आवडलं. तोंडावर हात न घेता हसणारी पोर मनात काही साठवून ठेवत नाही, असा त्यांचा खाणावळीतला अनुभव.

शेजारी हस्तिदंती मेरीमाता होती, सोन्याचा मुकुट घातलेली, डोळे मात्र चिनी वळणाचे. कोरणारे कारागीर चिनी होते, देव स्पेनचा होता आणि पुजणारे आम्ही, असं मारिफे म्हणाली. स्पेनच्या लोकांनी तिथं तीनशे तेहतीस वर्षं राज्य केलं. ते जाताहेत तोवर अमेरिकावाले आले.

"तीनशे तेहतीस!" बाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडचे इंग्रज दीडशेत गेले तरी आम्हाला त्याचं केवढं. आणि एक गेला की दुसरा हजर? तुमच्याकडं खाणावळ होती का सगळ्यांची?"

सुमित घुटमळला. "सांग, सांग," बाई म्हणाल्या. "अर्धं गिळू नकोस." त्यानं सांगितलं. मारिफेनं मान हलवली आणि एवढंच म्हणाली, "गेनाऊ." त्याचा अर्थ बाईंना इथं आल्या आल्या पहिल्या दिवशी कळला होता: अगदी तस्संच.

शेवटच्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत एकच कापड लोंबत होतं. आबाकाचं, मातकट रंगाचं, दहा लुगडी जोडावीत एवढं रुंद. त्यावर काळ्या दोऱ्यानं शब्दच शब्द टाचलेले, एकाखाली एक, रांगेत. मनिलातल्या कुणा चित्रकार बाईनं गावोगावच्या बायकांकडून भरून घेतलेलं.

"हे माझं घराणं," मारिफे म्हणाली, आणि तिनं कापडाच्या डाव्या बाजूला हात केला. "इथं."

मग तिनं सांगितलं ते असं. पूर्वी त्यांच्याकडं लोकांना आपापली नावं होती, पण आडनावं म्हणावीत अशी सगळ्यांना नव्हती. कुणी झाडावरून, कुणी स्वभावावरून, कुणी संताच्या नावावरून ओळखले जायचे. सरकारला पट्टी गोळा करताना कोण कुणाचा ते समजेना. तेव्हा अठराशे एकोणपन्नास साली स्पेनच्या गव्हर्नरनं आडनावांचं एक पुस्तकच छापून घेतलं, साठ हजारांच्या आसपास नावांचं. त्याची पानं गावोगाव वाटली. घराच्या कर्त्यानं पानावरचं एक नाव उचलायचं, बस्स, पिढ्यान्‌पिढ्या तेच. काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. तिच्या गावाला आलं र अक्षर. म्हणून ती रोआ, शेजारचे रेयेस, शाळेतला मास्तर रिवेरा, पलीकडचा खाटीक रोसालेस. आजसुद्धा गावात र सोडून आडनाव दिसलं की समजायचं, माणूस बाहेरचा.

"आणि आधीचं नाव? ते काय होतं तुमचं?" बाईंनी विचारलं.

मारिफे त्यांना कापडाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. पुढून सुबक दिसणाऱ्या त्या नावांच्या मागं नुसत्या गाठी आणि लोंबते धागे. क्वचित एखाद्या गाठीला कागदाची चिठ्ठी बांधलेली. ज्या घरांना जुनं नाव ठाऊक होतं, त्यांनी ती बांधली होती. शेकड्यात चार-दोन. रोआंच्या मागं काहीच नव्हतं, धागा नुसताच.

"कुणालाच माहीत नाही," मारिफे म्हणाली. "आजोबांनाही नव्हतं."

मनोरमाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, पण त्या मेल्याला कुणी सांगितलं होतं? माणसांना नावं होती ना? घरात आईबापानं ठेवलेली? उठला आणि पानं वाटली, मेनूकार्ड आहे काय? स्वतःला लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून दुसऱ्याचं नाव..."

आणि तिथंच त्यांचा पट्टा थांबला.

सुमितनं भाषांतर करायला तोंड उघडलं तर त्यांनी त्याला हातानं अडवलं. मग म्हणाल्या, "सुम्या, डब्यावर काय लिहिलंय ते सांग तिला."

"आई, आत्ता?"

"आत्ता. आणि खरं सांग. तुझी दोन शब्दांची उत्तरं मी बारशापासून ओळखते."

सुमितनं सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले. मारिफेनं आधी त्याच्याकडं पाहिलं, कंपनीबद्दलचा हिशेब ती नंतर चुकता करणार होती हे त्या नजरेत स्पष्ट होतं. मग ती बाईंकडं वळली. सावकाश बोलली, एक एक वाक्य तोडून, म्हणजे सुमितला काही गाळता येऊ नये.

"आई, लाडू मी खाईन. डबा वापरीन. तुमच्या घरात जे शिकायचं ते शिकेन. क्लिनिकमध्ये माझ्या नावाचा उच्चार जमत नाही म्हणून अर्धे लोक मला मारिया म्हणतात, मी रोज सांगते, मारिया नाही, मारिफे. माझं नाव माझ्या आईनं ठेवलंय. माझं मधलं नावसुद्धा तिचंच, तिच्या माहेरचं आडनाव. आमच्यात तसंच असतं. सुनेत्रा नाव सुंदर आहे. पण मी नाही घेणार."

"मधलं नाव आईकडचं?" बाई म्हणाल्या. "बापाचं नाही?"

"नाही."

"हं."

मनोरमाबाई वळल्या आणि दालनाच्या मध्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या. सुमित मागं निघाला तर म्हणाल्या, "इथं येऊ नकोस. मला रागावायचंय."

पण राग नीट जमेना. बारा दिवस जपलेला, विमानातून आणलेला राग, आणि आता हाताला लागतच नव्हता. त्याऐवजी लागलं तांदळाचं ताट. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. लग्न लागल्यावर सुर्व्यांच्या घरात पाटावर बसवलं होतं, समोर ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात लिहिलं होतं: मनोरमा. सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या पडल्या. तिसरी शिकलेल्या नवरीला अक्षरं लावून वाचायला वेळ लागला. म आलं, न आलं, ओ आला, आणि तोवर सासूबाईंनी तांदूळ हातानं सारखे करून टाकले. नाव पूर्ण वाचून व्हायच्या आत अंगाला चिकटलं. आईनं ठेवलेलं नाव सुर्व्यांना गावंढळ वाटत होतं. तीन मुलांवर झालेली मुलगी, बापानं गावात पेढे वाटले होते आणि म्हणून ठेवलं होतं, हौसा. आई गेली त्या वर्षापासून त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं बाई इतकी वर्षं समजत होत्या. वाटायला वेळ कुठं होता? चाळीस डबे जायचे रोज.

बाकाच्या टोकाला छोटं टेबल होतं. त्यावर चिठ्ठ्या, पेन्सिली आणि एक पाटी.

"सुमित, काय लिहिलंय ते?"

सुमित लांबूनच वाचून म्हणाला, "ज्यांचं नाव दुसऱ्या कुणी बदललं, त्यांनी आधीचं लिहून कापडाला बांधावं. कुठल्याही देशाचे असोत."

बाईंनी चिठ्ठी ओढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहायला बसल्या. त्यांना सह्या करायची सवय होती, पण ती मनोरमाची. ह लिहिलं, दोन मात्रा आणि काना कसा द्यायचा ते हवेत एकदा करून पाहिलं. मग स. त्याला काना.

सुमित येऊन खांद्यावरून वाचू लागला. "हौसा? हे कोण?"

"तुझी आई," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांत विचारलंस कधी?"

चिठ्ठी घेऊन त्या कापडाच्या मागं गेल्या आणि रिकाम्या धाग्यांतला एक निवडून गाठ मारू लागल्या. तेवढ्यात ती चष्मेवाली देखरेखीची बाई लगबगीनं आली. नम्रपणे, हसून, पण ठामपणे काहीतरी म्हणाली. सुमितनं सांगितलं: त्या म्हणतात, लिहायला हरकत नाही, पण रोमन लिपीत लिहा. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्यांची नोंद करतात, ही लिपी त्यांना वाचता येणार नाही, मग नाव नोंदवता येणार नाही.

मनोरमाबाई उत्तर जुळवत होत्या, पण त्यांच्याआधी मारिफे पुढं झाली. आवाज चढवला नाही. हात मात्र कमरेवर गेला. ती जर्मनमध्ये जे बोलली ते ऐकून चष्मेवाल्या बाईचं हसू आधी मावळलं, मग ती कापडाकडं बघत राहिली आणि शेवटी खरोखरीचं हसू आलं. "हो, हो," असं म्हणत तिनं खिशातून नोंदीचा कागद काढला आणि नाव त्यावरही तसंच लिहायला पेन्सिल मनोरमाबाईंना दिली.

"काय बोललीस गं तिला?" बाईंनी थेट मारिफेलाच विचारलं, मराठीत. सुमितनं मधे पडून सांगितलं. मारिफे म्हणाली होती: ज्याला वाचता येत नाही त्यानं नाव बदलायला सांगायचं, याच गोष्टीचं तुम्ही हे प्रदर्शन लावलंय. त्याला तिकीटही लावलंय. आता तुमच्या कागदावर तसंच उतरवून घ्या, चित्र समजून काढा हवं तर.

बाईंनी मुलीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं त्या मंडईत एखादं भरताचं वांगं हातात तोलून बघायच्या.

"तोंडाला धार आहे," त्या म्हणाल्या.

सुमित घाबरून म्हणाला, "आई, ती तुझ्यासाठीच बोलली."

"मी कुठं वाईट म्हटलं? घरात असा नमुना आजवर मी एकटीच होते. निधी बिचारी गप्प बसते आणि दहा वर्षं मला ऊर्मिला म्हणू देते. त्यापेक्षा हे बरं." निधी हे नाव त्यांच्या तोंडून सरळ आलं, त्यांच्या लक्षातही आलं नाही. सुमितच्या मात्र आलं. "हिच्या आईला फोन लाव. आता त्यांच्याकडं किती वाजलेत?"

इथं सकाळचे साडेअकरा, तिकडं संध्याकाळ. मारिफेनं म्युझियमच्या कॅफेत बसून व्हिडिओ लावला. पडद्यावर एक बारीकशी बाई आली, मागं हिरव्या भिंतीवर कॅलेंडर आणि कुठंतरी कोंबडा आरवत होता. तिनं भराभर बोलायला सुरुवात केली. इकडून मनोरमाबाईंनीही केली. लग्न कुठं, तुमच्याकडं की आमच्याकडं, मटण चालतं का, नारळाच्या दुधात मिरच्या घालता म्हणे, किती घालता. मारिफे तिच्या भाषेतून जर्मनमध्ये, सुमित जर्मनमधून मराठीत, दोघांना घाम फुटला, आणि दोन्ही आया थांबायला तयार नव्हत्या.

मग पडद्यावरच्या बाईनं हळू आवाजात काहीतरी विचारलं. मारिफेनं ते लगेच सांगितलं नाही. टेबलाकडं बघत राहिली.

"सांग म्हणावं," बाई म्हणाल्या.

सुमितपर्यंत आलं, सुमितनं सांगितलं. "त्या विचारतात, तुमच्याकडं सुनांची नावं बदलतात असं त्यांनी वाचलंय. तर त्यांच्या मुलीला तुमच्या घरात काय म्हणून हाक मारणार?"

मनोरमाबाईंनी फोन सुमितच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि चेहऱ्यासमोर धरला, इतका जवळ की तिकडं त्यांचं नाकच दिसलं असेल.

"मारिफी," त्या म्हणाल्या.

पडद्यावरच्या बाईनं मान हलवून नाही म्हटलं आणि म्हणून दाखवलं.

"मारीफे."

पुन्हा नाही. री लांबत होती. ती बाई आता हसत होती आणि बोटानं हवेत ताल धरून तीन टप्प्यांत शिकवत होती, मा, रि, फे, जशी पहिलीतल्या पोराला शिकवावी. मनोरमाबाईंना आयुष्यात कुणी चूक दाखवली की त्या तिथल्या तिथं हिशेब चुकवायच्या. आज त्यांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं.

"मारिफे."

तिकडं कोंबडा आरवला. बाईनं मान डोलावली.